ट्यूलिप, निशिगंध की कळलावी? कोल्हापूरच्या गच्चीवर कोणता कंद लावावा

समोरच्या वहिनी एप्रिलमध्ये श्रीनगरला जाऊन आल्या. झबरवान डोंगराच्या पायथ्याची ती तीसेक हेक्टरांची ट्यूलिपची बाग त्यांच्या मोबाईलमधून अजून निघालेली नाही. आता त्यांना राजारामपुरीतल्या गच्चीवर ट्यूलिप हवेत. "कांद्यागत तर दिसतंय की! कांदा येतोय, मग ह्ये का न्हाई येणार?"

निम्मं बरोबर आहे. ट्यूलिप ही कंदावर जगणारी वनस्पती, लिलीच्या कुळातली. दोन वर्षांपूर्वी मीही दहा कंद मागवले होते. त्यातला एक फसलेला कंद सुरीनं उभा चिरून पाहिला. वर तपकिरी सालपट, आत पांढरे मांसल थर, तळाशी मुळं फुटायची कडक चकती, कांदाच म्हणा. फरक मधोमध. तिथल्या कोंबात छोटी पानं असतात आणि त्यांच्या कुशीत पुढच्या मोसमाचं फूल आधीच घडलेलं असतं. आदल्या वसंतात पानांनी साठवलेल्या अन्नावर उन्हाळ्यातच ते तयार होतं. म्हणजे ट्यूलिपचा कंद घेताना आपण फूलच विकत घेतो, फक्त मिटलेलं. म्हणून कंद मोठाच बघून घ्यावा. छोटा कंद एकच रुंद पान दाखवतो आणि संपतो.

माझ्या कंदातली ती कळी वाळून कागद झाली होती. कारण समजलं तेव्हा कपाळावर हात मारला. कंद फ्रिजमध्ये सफरचंदांशेजारी ठेवले होते. पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू सुटतो आणि आतल्या आत कळी मारतो.

फ्रिज कशाला, तर ट्यूलिपचं मूळ घर तिएन शान, पामीर अशा मध्य आशियाई डोंगरांत. तिथं हिवाळ्यात बर्फ, मग थोडे दिवस वसंत, नंतर कोरडा कडक उन्हाळा. ट्यूलिप तेवढ्या वसंतात उरकून घेतं आणि उन्हाळा जमिनीखाली झोपून काढतं. जाग येण्यासाठी त्याला साधारण 12 ते 16 आठवडे 9 अंशांच्या खालची थंडी लागते. ती मिळाली नाही तर दांडा उंच होत नाही, फूल पानांतच अडकून बसतं किंवा येतच नाही. आपल्याकडं जानेवारीच्या पहाटे पारा 14-15 अंशांवर आला की आपण स्वेटर काढतो. पन्हाळ्यावर त्याहून गार असतं, पण तेवढ्यानंही ट्यूलिपचं भागत नाही.

तरीही लावायचंच असेल तर ऑक्टोबरपासून कंद कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या खणात ठेवा. फ्रीजरमध्ये नको, फळांसोबत तर नकोच. डिसेंबरअखेर किंवा जानेवारीच्या सुरुवातीला कुंडीत लावा. माती भुसभुशीत, वाळू घातलेली, पाणी लगेच निचरणारी हवी आणि दुपारी सावली. दीडेक महिन्यात फूल दिसायला हवं. सकाळी उन्हाची ऊब लागली की पाकळ्या उघडतात, गारठा पडला की मिटतात. सहा पाकळ्या दिसतात, पण खऱ्या तीनच. बाहेरच्या तीन निदलं असतात, रंगरूप सारखंच. ट्यूलिप हा शब्दही पागोट्याच्या फारसी-तुर्की शब्दावरून आलाय. फेट्याच्या गावात हे सांगायला मला आवडतं.

पण हा पाहुणा चार-सहा दिवसांचा. फूल गेलं की मूळ कंदही संपतो. त्याच्या थरांच्या बेचक्यात पिल्लं कंद धरतात. थंड देशात फुलानंतर पानं काही आठवडे हिरवी राहून त्यांना पोसतात. आपल्या मार्चच्या उन्हात ती आठवड्या-दोन आठवड्यांत पिवळी पडतात आणि पिल्लं लसणाच्या पाकळीएवढीच राहतात. म्हणजे दर वर्षी नवे कंद विकत. 1637 च्या फेब्रुवारीत हॉलंडमध्ये ट्यूलिपच्या सौद्यांचे भाव कोसळले, तसं काही आपलं होणार नाही, पण दहा कंदांचे पैसे आणि अडकलेला फ्रिज याचा हिशेब आधी करा.

आता निशिगंध. हाही परदेशीच, मेक्सिकोचा, पण त्याला आपली हवा मानवली. थंडीची अट नाही, उलट ऊब हवी. एप्रिल-मेमध्ये सुपारीहून मोठे गड्डे दोन-तीन इंच खोल लावायचे, शेणखत घालायचं, रोज पाच-सहा तास ऊन. तीन-चार महिन्यांत छडी येते. इथंही फुललेला गड्डा पुन्हा फुलत नाही, पण बाजूचे गड्डे जागा घेतात आणि एकदा लावलेला वाफा तीनेक वर्षं चालतो. एकेरी जातीला वास जास्त, हाराला तीच. दुहेरी फुलदाणीत उठून दिसते. रंग मात्र पांढराच, लाल-जांभळ्याची हौस इथं भागत नाही. आणि पावसाळ्यात कुंडीत पाणी तुंबलं की गड्डा कुजतो. माझे दोन असेच गेले. पण संध्याकाळी दार उघडल्यावर वास घरभर होतो, ते ट्यूलिपकडून होणार नाही.

तिसरं नाव कुणी घेत नाही म्हणून मी घेतो: कळलावी. ट्यूलिपशी खरं नातं निशिगंधाचं नाही, हिचं आहे. दोघी वनस्पतिशास्त्रात एकाच गणात येतात. स्वभावही तोच, फक्त ट्यूलिप बर्फाची वाट बघतं आणि ही पावसाची. उन्हाळाभर बेचक्यासारखा कंद मातीत पडून असतो, जूनमध्ये कोंब येतो, पानांची टोकंच वळून आधार धरतात आणि पिवळी-लाल फुलं ज्वाळेसारखी वर उठतात. दिवाळीनंतर वेल वाळून जाते. खर्च जवळपास शून्य, पण कंदासकट सगळी वेल जहाल विषारी. घरात लहान मूल किंवा कुत्रं-मांजर असेल तर विषय बंद. डोंगरातून उपटून आणू नका, रोपवाटिकेतून घ्या. घराजवळ लावली की भांडणं लागतात, असं जुनी माणसं म्हणतात.

वहिनींचा नातू अडीच वर्षांचा, म्हणून कळलावी बाद. निशिगंधाचे दहा गड्डे मी माझ्या वाफ्यातून दिलेत, कालच लावून झाले. ट्यूलिपचे पाच कंद त्या मागवणारच आहेत, ऑक्टोबरचं ठरलंय. आणि तेव्हा सफरचंदं कुठं ठेवायची, यावरून त्यांच्यात आणि दादांत आत्ताच वाजलंय. कळलावी अजून घरात आलेलीही नाही.