वर्षभराची नेक्सॉन सीएनजी: टाक्या खाली, डिकी मोकळी

परवा ॲक्सेसरीजच्या एका दुकानात तिथला पोरगा ड्रिल मशीन घेऊन माझ्या डिकीत वाकला. रबरी मॅट सरकू नये म्हणून तो फ्लोअरला चार स्क्रू मारणार होता. "दादा, दोन मिनिटांचं काम आहे, सगळ्यांना असंच करून देतो." मी त्याचा हात धरला. त्या फ्लोअरच्या खाली दोनशे बार दाबाने भरलेल्या गॅसच्या दोन टाक्या आहेत. त्याला माहीत नव्हतं, आणि गल्ल्यावर बसलेल्या मालकालाही माहीत नव्हतं. डिकीत टाकी दिसली नाही म्हणून दोघांनी गाडी पेट्रोलची धरली होती. मी मॅट न घेताच बाहेर पडलो. ही गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला आधी हेच सांगेन: डिकीच्या फ्लोअरला ड्रिल, स्क्रू, खिळा काहीही लावू देऊ नका. वूफर बसवणाऱ्यांनाही हात लावू देऊ नका.

आता गाडीबद्दल. टाटा नेक्सॉनची सीएनजी, २०२५ च्या गुढीपाडव्याला घेतलेली, वर्ष होत आलं. इंजिन, स्क्रीन, दिवे यांची माहिती सगळ्यांना आहे, त्यात वेळ घालवत नाही. मला लिहायचंय ते डिकीबद्दल, कारण आमच्या घरात गाडीचा निर्णय डिकीवरच झाला.

बाबांना दोन वर्षांपासून व्हीलचेअर लागते. घडी केली तरी ती लांबीला चांगली मीटरभर आणि जाडीला वीतभराहून जास्त भरते. आधीच्या आमच्या हॅचबॅकला बाहेरून गॅसचं किट बसवलेलं होतं. मागे एकच मोठी टाकी आडवी, तिच्यापुढे एक लॅपटॉपची बॅग मावेल इतकी जागा. व्हीलचेअर टपावरच्या कॅरिअरला बांधायची, पावसात वर ताडपत्री, आणि आईच्या पायाशी पिशव्या. चिपळूणला गावी जायचं म्हटलं की निघण्याआधी अर्धा तास दोऱ्या आवळण्यात जायचा. पेट्रोलची मोठी गाडी घेऊन रोज पिंपरी ते हिंजवडी जाणं खिशाला परवडणारं नव्हतं. गॅस हवा होता आणि डिकीही हवी होती, आणि बरीच वर्षं आपल्याकडे या दोन गोष्टी एकत्र मिळतच नव्हत्या.

नेक्सॉनचा प्रवास मी लांबून बघत होतो. रांजणगावला बनते, म्हणजे आपल्याच नगर रस्त्यावरची. २०१४ च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत कॉन्सेप्ट दाखवली, सप्टेंबर २०१७ मध्ये विक्रीला आली. तेव्हा १.२ लिटर टर्बो पेट्रोल आणि १.५ लिटर डिझेल, दोन्ही ११० पीएस (इंजिनाची ताकद मोजायचं एकक), आणि ३५० लिटरची डिकी. २०१८ मध्ये आधी एएमटी, म्हणजे क्लच न दाबता गिअर बदलणारी ऑटोमॅटिक आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ग्लोबल एनकॅपमध्ये, म्हणजे गाड्या धडकवून सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या चाचणीत, चार तारे मिळाले. कंपनीने तेवढ्यावर न थांबता पुढच्या सीटच्या दोघांसाठीही सीटबेल्टची सूचना दिली, गाडी बाजूच्या धडकेच्या चाचणीत उतरवली आणि डिसेंबरमध्ये पाच तारे मिळवले. भारतात बनलेल्या गाडीला पाच तारे मिळण्याची ती पहिलीच वेळ. मला त्या वर्षी या गाडीबद्दल खरा आदर वाटायला लागला, कारण चार ताऱ्यांवरही गाडी धडाक्यात विकली गेली असती.

जानेवारी २०२० मध्ये बीएस ६ इंजिन आणि नवा चेहरा आला, पेट्रोल १२० पीएसचं झालं, त्याच महिन्यात इलेक्ट्रिकही आली. सप्टेंबर २०२३ मध्ये गाडी आतून बाहेरून बदलली: सगळ्या मॉडेलना सहा एअरबॅग, पेट्रोलला सात गिअरचा ड्युअल क्लच ऑटोमॅटिक, आणि डिकी ३८२ लिटर. बहुतेकांनी तेव्हा मोठ्या स्क्रीनबद्दल आणि स्टिअरिंगवरच्या उजळणाऱ्या लोगोबद्दल लिहिलं. माझं लक्ष त्या बत्तीस जादा लिटरकडे होतं.

पण खरा बदल त्याच वर्षी टाटाच्याच दुसऱ्या गाड्यांत झाला होता. मे २०२३ मध्ये अल्ट्रोजला आणि ऑगस्टमध्ये पंचला दोन लहान टाक्यांची सीएनजी मिळाली. साठ लिटरची एक मोठी टाकी डिकीत उभी करण्याऐवजी तीस-तीस लिटरच्या दोन टाक्या फ्लोअरखाली शेजारी शेजारी. ऐकायला इतकं सोपं, की हे आधी का सुचलं नाही असं वाटतं. २४ सप्टेंबर २०२४ ला तीच रचना नेक्सॉनमध्ये आली, आणि डिकी उरली ३२१ लिटर. पेट्रोलपेक्षा ६१ लिटर कमी. सीएनजीच्या गाडीत ३२१ लिटर म्हणजे काय, हे ज्याने टाकीच्या कडेला पिशव्या कोंबल्यात त्यालाच कळेल. सप्टेंबर २०२५ मध्ये मारुतीनेही व्हिक्टोरिसमध्ये टाकी खाली नेली. चांगलं झालं, सगळ्यांनीच न्यावी.

सुरुवातीला मला एक गोष्ट खटकत होती. खाली टाक्या असल्याने फ्लोअर उंच आहे. शोरूममध्ये वाटलं, रोज व्हीलचेअर उचलून एवढ्या वर ठेवायची म्हणजे माझ्या कमरेचं काही खरं नाही. दोन-तीन महिने तसंच मत होतं. मग लक्षात आलं की फ्लोअर उंच असल्यामुळेच तो डिकीच्या काठाच्या जवळपास पातळीत येतो. व्हीलचेअरची पुढची दोन चाकं काठावर टेकवायची आणि मागून ढकलायची, ती आपोआप आत सरकते. खोल डिकीत काठावरून आत उतरवायची, मग काढताना पुन्हा वाकून वर ओढायची, हे इथे नाही. काढतानाच कमर जास्त धरते, हे व्हीलचेअर वापरणाऱ्या प्रत्येक घराला माहीत आहे. आता तर आईसुद्धा एकटी काढते. त्यामुळे उंच फ्लोअरबद्दलचं माझं मत पूर्ण बदललंय. ज्यांना नुसत्या मोठ्या सूटकेस एकावर एक रचायच्या आहेत त्यांना तो अडेल. आम्हाला तो वरदान ठरला.

मे महिन्यात गावाहून परतताना व्हीलचेअर डाव्या बाजूला आडवी, तिच्या उजवीकडे आंब्याच्या दोन पेट्या, मधल्या फटीत आगळाच्या बाटल्या आणि वर आईची सुकवलेल्या आठळांची पिशवी. पार्सल ट्रे काढावा लागला. कोणाच्या मांडीवर काही नाही, पायाशी काही नाही, टपावर काही नाही. घरातल्यांना हे नवीन होतं. वहिनी मागच्या सीटवर पाय लांब करून झोपली, तिला आयुष्यात पहिल्यांदा गावाहून येताना पाय लांब करता आले.

कुंभार्ली घाटाची मला काळजी होती. गॅसवर गाडी चढत नाही, घाट लागला की पेट्रोलवर टाका, हे आपण सगळे ऐकत आलोय, आणि जुन्या गाडीत ते खरंही होतं. साध्या इंजिनात गॅस स्वतःच हवेची जागा खातो, त्यामुळे ताकद पडते. इथे टर्बो असल्याने हवा दाबून आत येते. पेट्रोलवरचे १२० पीएस गॅसवर १०० होतात, पण टॉर्क, म्हणजे गाडी ओढण्याचा जोर, १७० एनएमच राहतो, तोही दोन ते तीन हजार आरपीएमच्या पट्ट्यात. पाच माणसं, व्हीलचेअर आणि आंबे घेऊन कुंभार्ली चढताना दुसरा-तिसरा गिअर पुरला. दोन हजारांच्या खाली आरपीएम पडू दिले तर गाडी जड होते, एवढं सांभाळायचं. पेट्रोलचं बटण मी घाटात आता दाबत नाही. सुरूसुद्धा थेट गॅसवरच होते. तीन सिलिंडरचं इंजिन आहे, त्याची थोडी थरथर जागेवर उभं असताना जाणवते. चालत्या गाडीत ती लक्षातही येत नाही.

खर्चाचा हिशेब. पुण्यात गॅस नव्वद रुपये किलोच्या आसपास धरा. शहर आणि महामार्ग मिळून मला किलोला सतरा पडतात, म्हणजे किलोमीटरला सव्वापाच-साडेपाच रुपये. पेट्रोलवर तेरा धरले आणि लिटरला १०४ धरले तर आठ रुपये होतात. रोजच्या येण्याजाण्यात महिन्याला दिसणारी ही बचत आहे. महाराष्ट्रात सीएनजीला रोड टॅक्सही पेट्रोलपेक्षा कमी लागतो. २०२५ च्या अर्थसंकल्पात तो एक टक्क्याने वाढवला, तरी अजून कमीच आहे.

मनाला लागलेली गोष्ट जीएसटीची. पाडव्याला गाडी घेतली आणि २२ सप्टेंबरला चार मीटरच्या आतल्या, बाराशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल-सीएनजी गाड्यांचा कर २९ वरून १८ टक्क्यांवर आला. दहा लाखांच्या गाडीवर हिशेबाने पंच्याऐंशी हजार होतात. तेवढे पैसे गॅस भरून वाचवायला किती वर्षं लागतील, हा हिशेब मी करून ठेवलाय आणि तो इथे लिहीत नाही. आत्ता घेणाऱ्यांचं नशीब चांगलं, त्यांनी त्या पैशात वरचं मॉडेल घेण्यापेक्षा विमा नीट घ्यावा.

आता पंपाविषयी, कारण वर्षातला सगळा मनस्ताप तिथेच झाला. रांग असतेच, त्याची सवय झाली. बाबांना व्हीलचेअरवर उतरवून भरताना बाजूला न्यावं लागतं, कारण गॅस भरताना गाडीत कोणी बसायचं नाही. नियम योग्य आहे, पण पंपावर सावलीत थांबायला धड जागा नसते. एका पंपावर तर भर उन्हात त्यांना रस्त्याच्या कडेला थांबवावं लागलं आणि तिथल्या माणसाने "लवकर करा" म्हणून वर आवाज चढवला. त्या पंपावर मी आता जात नाही. दाब कमी असला की साडेआठ-नऊ किलोच्या जागी सातच भरतो. गावी जाताना म्हणूनच साताऱ्याच्या आसपास पुन्हा भरून घेतो, उंब्रजला वळल्यावर गॅसच्या भरवशावर राहत नाही. पेट्रोलची ४४ लिटरची टाकी आहेच.

आणखी एक गोष्ट इथे नोंदवून ठेवतो, नव्या मालकांच्या उपयोगाची आहे. गॅस भरायचं झाकण उघडं असेल तर गाडी सुरूच होत नाही. नळी लावलेली असताना कोणी गाडी पुढे घेऊ नये म्हणून तिथे छोटा स्विच आहे. एकदा पंपावरच्या माणसाने झाकण नुसतं टेकवलं, खटका लागला नाही. मी चावी फिरवतोय, गाडी ढिम्म, मागे रिक्षांचे हॉर्न. शेवटी मागच्याच रिक्षावाल्या काकांनी उतरून झाकण दाबलं. "खट" आवाज आला आणि गाडी सुरू झाली. तेव्हापासून भरून झालं की झाकण मी स्वतः दाबतो. गाडी सुरू होत नाही म्हणून मेकॅनिकला फोन लावण्याआधी झाकण तपासा.

पुढच्या अपडेटमध्ये मला सीएनजीबरोबर ऑटोमॅटिक हवी आहे. नेक्सॉन सीएनजी आली ती सहा गिअरच्या मॅन्युअलमध्येच. टियागो आणि टिगोरला कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्येच सीएनजीत एएमटी दिली, म्हणजे काम जमण्यासारखं आहे. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये डावा पाय रोज त्याची आठवण करून देतो. आई अजून गाडी चालवते, तिला तर ती फारच सोयीची पडेल.

घरात व्हीलचेअर, वॉकर किंवा बाळाची गाडी असेल तर बुकिंगचे पैसे भरण्याआधी ती वस्तू शोरूमला घेऊन जा आणि स्वतःच्या हाताने डिकीत ठेवून बघा, पार्सल ट्रेसकट आणि ट्रेशिवायही. पेट्रोलच्या डेमो गाडीत ठेवू नका, तिचा फ्लोअर खाली आहे. सीएनजीचीच गाडी मागा. लगेच उभी नसेल तर दोन दिवस थांबा, पण त्याच गाडीत ठेवून बघा.