पाळीव प्राण्यांची पोर्ट्रेट्स: जलरंग, ऑइल, पेन्सिली की ॲक्रिलिक?

घरी बसून कुत्र्या-मांजरांच्या पोर्ट्रेट्सच्या ऑर्डरी घ्यायच्या आहेत, माध्यम कोणतं धरू, असं कुणी विचारलं की मी आधी एकच विचारते: चित्र झाल्यावर घरच्यांनी दुरुस्ती सांगितली, तर ती करता येईल ना? बऱ्याच ऑर्डरी प्राणी गेल्यानंतर येतात. तेव्हा नवा फोटो मिळत नाही, आणि घरच्यांच्या मनातलं त्याचं रूप मात्र फोटोपेक्षा लख्ख असतं.

जलरंग माझे सगळ्यात लाडके. मांजराच्या पोटाकडची लव ओल्या कागदावर जशी आपसूक पसरते, तशी दुसऱ्या कशात उतरत नाही. वास नाही, पसारा नाही, जेवणाच्या टेबलावर काम होतं. पण कागद 300 जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा, जाड) कॉटनच घ्या, हलका कागद फुगतो. इथे पांढरं म्हणजे कोरा कागद, त्यामुळे मिशा आधीच मास्किंग फ्लुइडने (वाळल्यावर सोलून काढता येणाऱ्या द्रवाने) झाकून ठेवाव्या लागतात. आणि गडद झालेला डोळा पुन्हा पहिल्यासारखा उजळत नाही.

काळ्या कुत्र्याला ऑइलची तोड नाही. ट्यूबमधला काळा बाजूला ठेवा. अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट अंबर मिसळून जो काळा होतो, त्यात निळी-तपकिरी झाक राहते आणि केस जिवंत दिसतात. रंग बराच वेळ ओला राहत असल्याने कडा निवांत मिसळता येतात. तोच ओलेपणा दोन खोल्यांच्या घरात नडतो. टर्पेंटाइनचा वास, लहान मूल असेल तर काळजी, आणि वरून कोरडं दिसलं तरी आतला थर सुकायचाच असतो. जाड रंगावर नेहमीचं वॉर्निश लावायला सहा महिने ते वर्ष थांबावं लागतं. ‘पुढच्या रविवारी वाढदिवस आहे’ म्हणणाऱ्याला नाहीच म्हणावं लागतं.

रंगीत पेन्सिलींत केस न् केस काढता येतो, पण ए-फोर कागदाला माझे पंचवीस-तीस तास सहज जातात. तेवढे पैसे मागायची तयारी असेल तरच त्या वाटेला जा. शिवाय फ्रेमला काच हवीच, जलरंगालाही, आणि काच कुरियरने पाठवताना जीव टांगणीला लागतो.

ऑर्डरीच्या कामाला माझी पसंती ॲक्रिलिकला. पातळ थर पंधरा-वीस मिनिटांत सुकतो, काच लागत नाही. रंग वाळल्यावर थोडा गडद होतो, तो अंदाज हाताला यायला वेळ लागतो. मे महिन्यात तर पॅलेटवरच वाळतो. म्हणून रंगाखाली ओला टिश्यू आणि त्यावर बटर पेपर अंथरते.

गेल्या वर्षी एका काकूंच्या लॅब्राडोरचं चित्र ॲक्रिलिकमध्ये पूर्ण करून दाखवलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, “अगं, शेवटी शेवटी त्याचं तोंड पांढरं झालं होतं.” फोटो तीन वर्षं जुना होता. मी बारीक ब्रशने हनुवटीवर आणि डोळ्यांभोवती करडे-पांढरे केस ओढले. अर्ध्या तासाचं काम. जलरंगात असतं तर अख्खं चित्र नव्याने करावं लागलं असतं. त्यांनी चित्र हातात घेतलं आणि हनुवटीच्या त्या केसांवरून बोट फिरवलं.

तरीही कुत्रा काळाभोर असेल आणि घरचे बरेच महिने थांबायला तयार असतील, तर मी अजूनही ऑइलच काढते.