टी-चाचणी: स्टुडंटची ओळ घ्यायची की वेल्चची?

शहरी आणि ग्रामीण विद्यार्थ्यांच्या गणितविषयक अभिवृत्तीची तुलना करायला एसपीएसएस हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर वापरलं, की एकाच टी-चाचणीच्या (दोन गटांच्या मध्यमानांतला फरक तपासणाऱ्या चाचणीच्या) दोन ओळी समोर येतात. वरची स्टुडंटची, दोन्ही गटांचं प्रचरण (गुणांचा विखुरलेपणा) सारखं मानणारी. खालची वेल्चची, तसं न मानणारी. प्रबंधात बहुतेक जण वरचीच उतरवतात, ती आधी दिसते म्हणून!

समजा, 100 गुणांच्या मापिकेवर शहरी 60 जणांचं मध्यमान 72 आणि प्रमाण विचलन (प्रचरणाचं वर्गमूळ) 8 आलं. ग्रामीण 20 जणांचं 66 आणि 14. वरच्या ओळीत टी (फरक भागिले त्याची प्रमाण त्रुटी) 2.37, स्वाधीनता मात्रा (डिग्रीज ऑफ फ्रीडम, पी काढायला लागणारी संख्या) 78, पी (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा जास्त फरक दिसण्याची शक्यता) 0.02, म्हणजे नेहमीच्या 0.05 या मर्यादेखाली: फरक सार्थक. खालच्या ओळीत टी 1.82, स्वाधीनता मात्रा 23.3, पी 0.08: सार्थक नाही. माहिती तीच, निकाल उलटा. स्टुडंटच्या रीतीत प्रचरणं एकत्र करताना मोठ्या गटाचं पारडं जड राहतं, त्यामुळे 20 जणांमधला विखुरलेपणा दबतो आणि प्रमाण त्रुटी (फरकाच्या अंदाजातली अनिश्चितता) 3.30 ऐवजी 2.53 निघते. विखुरलेपणा मोठ्या गटात जास्त असेल, तर स्टुडंट खरा फरकही हुकवू शकते. गट समसंख्य असले तर टी दोन्हीकडे एकच येतं, बदलते ती स्वाधीनता मात्रा.

आधी लेव्हीन चाचणी (प्रचरणं सारखी आहेत का, ते तपासणारी) पाहून ओळ निवडा, असं शिकवलं जातं. पण लहान नमुन्यात लेव्हीनला फरक सापडत नाही आणि मोठ्या नमुन्यात क्षुल्लक फरकही सार्थक दिसतो. त्यापेक्षा थेट वेल्च घ्यावी. प्रचरणं सारखी असली तरी तिच्यात फारसं नुकसान नाही. ‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये न सांगता वेल्चच होते. एक्सेलच्या टी-टेस्ट सूत्रात शेवटी 2 लिहिलं तर स्टुडंट, 3 लिहिलं तर वेल्च. लेव्हीनचा पी टी-चाचणीचा म्हणून उतरवण्याची चूक मात्र सर्रास होते.

एकाच विधानावरचे 1 ते 5 प्रतिसाद असतील तर मान-व्हिटनी चाचणीचा (गुणांऐवजी त्यांच्या क्रमांवर चालणाऱ्या) विचार करा, पण ती मध्यमानांची तुलना नव्हे.

नकारार्थी विधानांचे गुण (1 ते 5 गुणांच्या विधानात 6 वजा मिळालेले गुण) उलटवले नसतील, तर कुठलीही ओळ निरुपयोगी. टी उणे आलं तर घाबरू नका, गटांचा क्रम तसा आहे एवढंच. आणि पी 0.08 म्हणजे ‘अभिवृत्ती सारखीच’ असं लिहू नका. इथे फरकाचं 95 टक्के विश्वासांतर (माहितीशी जुळणाऱ्या फरकांचा पल्ला) −0.8 ते 12.8 आहे, शून्य त्यात बसतं, तसे 12 गुणही बसतात. लिहायचं ते असं: ‘फरक 6 गुण, वेल्च टी (23.3) = 1.82, पी = 0.08, पुरावा अपुरा.’