मंदीत परदेशी नोकरी शोधताना: एका मार्गदर्शन सेवेचा अनुभव

मंदीच्या काळात स्थलांतर करणाऱ्यापुढे दुहेरी अडचण असते: नवी भरती थांबलेली असते आणि जी थोडी पदे निघतात, त्यांच्यासाठी नुकतेच कामावरून कमी झालेले, स्थानिक अनुभव असलेले उमेदवार आधीच रांगेत असतात. नवागतांसाठीच्या या सेवेतील समुपदेशक बाईंनी हे पहिल्याच भेटीत स्पष्टपणे सांगितले आणि तो स्पष्टपणाच मला सर्वांत मोलाचा वाटला.

माझा 5 पानी बायोडेटा त्यांनी 2 पानांवर आणला, जन्मतारीख व वैवाहिक स्थिती वगळली आणि नुसत्या जबाबदाऱ्यांऐवजी प्रत्येक कामाचा परिणाम लिहायला लावला. पदवीचे मूल्यांकन (ती तेथील पदवीच्या तोडीची आहे का, हे ठरवणे) आणि व्यवसायाचा परवाना (आपला पेशा तेथे करण्याची अधिकृत परवानगी) या वेगळ्या गोष्टी आहेत, हेही तेथेच उमगले. परवाना मिळेपर्यंत त्याच क्षेत्रातील खालचे पद पत्करावे, हा सल्ला कडू होता. पण मंदीत तोच व्यवहार्य ठरला.

मुलाखतीचा सराव मात्र ठोकळेबाज निघाला. अखेर काम मिळाले ते जाहिरातीतून नव्हे, तर बाईंच्या सूचनेवरून त्या क्षेत्रातील अनोळखी लोकांना केवळ माहिती विचारण्यासाठी लिहिलेल्या पत्रांतून, आणि तेही 6 महिन्यांच्या करारावर. पहिल्या भेटीला जाताना मूळ गुणपत्रके व जुन्या वरिष्ठांची शिफारसपत्रे सोबत ठेवावीत. माझे 2 आठवडे त्यांवाचून वाया गेले.