क्रॉनिक फटीगसाठी रामदासपेठेतला दवाखाना : दिवाळीपासूनचा अनुभव

कोविड गेला, महिनोन्महिने न हटणारा थकवा, म्हणजे क्रॉनिक फटीग, मागे राहिला. नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेत दवाखान्यांना तोटा नाही, पण थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, साखर सगळं नॉर्मल आलं की हातात टॉनिक आणि ‘ताई, टेन्शन घेऊ नका’ एवढंच पडायचं. एका ठिकाणी तर चालणं रोज थोडं वाढवत न्यायला सांगितलं. नेटानं वाढवलं आणि अंथरूण धरलं. उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेनं २०२१ सालीच असा वाढत्या व्यायामाचा उपचार या आजारात देऊ नये असं सांगितलंय, हे मला फार उशिरा कळलं.

दिवाळीपासून ज्या फिजिशियनकडे जाते, त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं, ‘‘काम केल्यावर त्रास लगेच होतो, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी?’’ हे आधी कुणी विचारलंच नव्हतं. या आजाराची खूणच ती : थोड्याशा श्रमाचीही वसुली शरीर उशिरा आणि दामदुपटीनं करतं. मग भिंतीला टेकून दहा मिनिटं उभं ठेवून नाडी आणि बीपी मोजलं. नाडी मिनिटाला तीस ठोक्यांहून जास्त वाढली. त्यावर बीपी बघून मीठ-पाणी वाढवलं, पायांत घट्ट मोजे दिले. उभं राहिल्यावर येणारी चक्कर बरीच कमी झाली.

आजार बरा करणारं औषध अजून नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. मला त्या स्पष्टपणाचाच आधार वाटला, कारण दुसरीकडे सलाइनची महागडी पॅकेजं गळ्यात मारतात. इथे भर आहे तो पेसिंगवर, म्हणजे क्रॅश (श्रमानंतर अंथरूण धरायला लावणारा तो त्रास) येण्याआधीच थांबण्यावर. पोळ्या बसून लाटायच्या, अंघोळीनंतर पडून राहायचं, बरं वाटतंय म्हणून कपाट आवरायला घ्यायचं नाही. सासूबाईंनाही बोलावून हे समजावलं. तेव्हापासून ‘तरण्याताठ्या वयात’ हे शब्द घरात ऐकू आले नाहीत. माझ्यासाठी निम्मा उपचार हाच होता.

शाळेत अजून रुजू झाले नाही. पण क्रॅश आता क्वचित येतात आणि दुपारी तासभर वाचता येतं.

खटकतं ते वेटिंग. ताठ खुर्च्या, डोळ्यांवर येणाऱ्या ट्यूबलाइट, आणि आडवं व्हायला जागा नाही. याच आजाराचे रुग्ण येतात तिथे एक कॉट तरी हवीच. मे महिन्यात पारा ४५च्या घरात गेल्यावर मात्र त्यांनी आपणहून फोनवर तपासणी सुरू केली.

जाणार असाल तर सकाळची पहिली वेळ मागा. आणि दोन आठवडे काय केलं, त्यानंतर कधी आणि किती पडून राहावं लागलं, हे लिहून न्या. रिपोर्टांच्या फायलीआधी ते तीच वही मागतात.