हार्ट रेटचा पट्टा: जूनपासून मुंबई मॅरेथॉनपर्यंत वापरल्यावर

सरळच सांगते. चार तासांच्या आत फुल मॅरेथॉन करायची असेल आणि खर्चायला पैसे मोजकेच असतील, तर कार्बन प्लेटच्या बुटांआधी छातीला बांधायचा हार्ट रेटचा पट्टा घ्या. मी तो जून २०२४ मध्ये घेतला. पुण्यातला अख्खा पावसाळा त्याच्यासोबत पळाले, जानेवारी २०२५ ची मुंबई मॅरेथॉन त्याच्या भरवशावर धावले आणि अजूनही रोज वापरते. बाजारात साधारण तीन हजारांपासून दहा-बारा हजारांपर्यंत पट्टे आहेत, माझा मधल्या किमतीचा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. इथे जे सांगायचंय ते बहुतेक चांगल्या पट्ट्यांना लागू आहे.

घड्याळ असताना पट्टा कशाला, हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. मनगटावरचं घड्याळ त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून खालच्या रक्तप्रवाहाचा अंदाज घेतं. पळताना हात हलतो, घड्याळ हलतं, आणि कधी कधी ते नाडीऐवजी पावलांचा ठेकाच मोजायला लागतं. माझा कॅडन्स, म्हणजे मिनिटाला पडणारी पावलं, १६८ च्या आसपास असतो आणि अगदी निवांत पळतानाही घड्याळ १६८ दाखवत राहायचं. सिग्नलला थांबलं की दोन-चार सेकंदांत आकडा धाडकन १३० वर! खरा हार्ट रेट असा पडत नाही. पट्टा हृदयाचे विद्युत संकेत थेट टिपतो, त्यामुळे हा घोळ होत नाही. चढ लागला की आकडा लगेच वर, उतार लागला की हळूहळू खाली. टेम्पो (सलग जरा वेगात पळणं) आणि इंटरव्हलला (जोरात पळण्याचे छोटे टप्पे, मध्ये विश्रांती) हा फरक फारच जाणवतो, कारण घड्याळाला बदल कळेपर्यंत निम्मा इंटरव्हल संपलेला असतो.

पट्टा घेतल्यावर पहिलं काम म्हणजे स्वतःचा कमाल हार्ट रेट शोधणं. २२० वजा वय हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं, पण ते सरासरी माणसासाठी आहे, आणि प्रत्यक्षात एखाद्याचा आकडा त्यापेक्षा दहा-बारा ठोक्यांनी सहज वेगळा निघतो. माझं वय ४४, म्हणजे सूत्राने १७६. पुण्यातल्या तळजाई टेकडीच्या चढावर वॉर्मअपनंतर तीन वेळा जोरात पळाले, शेवटच्या वेळी जीव तोडून, आणि पट्ट्याने १८८ दाखवले. कमाल रेटच्या ७५ टक्के ही इझी रनची, म्हणजे निवांत धावेची, वरची मर्यादा धरली, तर सूत्राप्रमाणे ती १३२ येते आणि खरी १४१. नऊ ठोक्यांचा हा फरक म्हणजे चालणं आणि पळणं यांतला फरक आहे. चाळिशी ओलांडलेल्यांनी असली चाचणी डॉक्टरांना विचारून, ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट झाल्यावरच करावी.

मग सुरू झाला सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात मोलाचा भाग. जूनमध्ये १४० च्या आत राहायचं तर माझा पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, ७:४० मिनिटं पडायचा. ग्रुपमधली सगळी मंडळी पुढे निघून जायची. विद्यापीठाच्या आवारात जरासा चढ आला तरी चालावं लागायचं. पण आठवड्यातल्या बहुतेक धावा अशाच संथ ठेवायच्या आणि एक-दोनच कडक करायच्या, हे न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्डपासून आजच्या प्रशिक्षकांपर्यंत अनेकांनी सांगितलंय. क्रीडा संशोधक स्टीफन सायलर यांनी अव्वल खेळाडूंच्या सरावाचा अभ्यास करून साधारण ८० टक्के संथ आणि २० टक्के कडक हे प्रमाण मांडलं, तेही त्याच वाटेचं. मला पट्ट्याने ते पाळायला लावलं. ऑक्टोबरपर्यंत फार फरक दिसला नाही. मग हवा गार झाली आणि डिसेंबरच्या लाँग रनला त्याच १४० वर ६:३५ चा पेस निघाला. त्यात थंडीचा वाटा आहेच, पण उरलेला सगळा त्या कंटाळवाण्या महिन्यांचा.

पुणेकरांनी मुंबईची तयारी करताना एक गोष्ट नक्की करावी. डिसेंबरमध्ये एक लाँग रन मुंबईत, समुद्राकाठी करा, पट्टा बांधून. मी मरीन ड्राइव्हहून वरळीकडे पळाले तेव्हा पुण्यातल्याच पेसला हार्ट रेट दहाएक ठोक्यांनी जास्त होता आणि दुसऱ्या तासात वर वर सरकत गेला. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून अंग थंड करायला शरीर त्वचेकडे जास्त रक्त पाठवतं. घामातून पाणी गेल्याने रक्तातला द्रवही घटतो. प्रत्येक ठोक्याला कमी रक्त पुढे जातं आणि हृदय ती तूट ठोके वाढवून भरून काढतं. पेस तोच, पण खर्च वाढलेला. हे मी आधी वाचलं होतं; स्वतःच्या आलेखावर पाहिल्यावर मात्र रेसची आखणीच बदलली.

चार तासांसाठी सरासरी ५:४१ चा पेस लागतो. मी पेसऐवजी ठोके धरले: पहिला तास १५२ च्या आत, अर्ध्या अंतरापर्यंत १५८ च्या आत, तीस किलोमीटरनंतर मोकळं. पहाटे पाचला सीएसएमटीहून सुटताना सगळे सुसाट निघतात, त्या लोंढ्यात १५२ वर थांबणं फार अवघड जातं. जाताना पेडर रोडच्या चढावर लोक भराभर मागे टाकून गेले. येताना तोच चढ पस्तीस किलोमीटर पार केल्यावर आला. तिथे मी १६८ वर, पण पळत होते, आणि आजूबाजूला क्रॅम्प धरून उभे असलेले, चालणारे कितीतरी. रस्त्याच्या कडेला मीठ लावलेल्या संत्र्याच्या फोडी देणाऱ्या मुंबईकरांचे उपकार कसे फेडायचे कळत नाही. वेळ आली ३ तास ५६ मिनिटं.

रिकव्हरीसाठी हा पट्टा इतका कामाला येईल असं घेताना वाटलं नव्हतं. सकाळी उठल्या उठल्या, चहाच्या आधी, पडल्या पडल्या तीन मिनिटं बांधते. दोन ठोक्यांमधल्या अंतरातले बारीक चढउतार, म्हणजे एचआरव्ही, ॲपमध्ये दिसतात. रोजच्या आकड्याला मी फार महत्त्व देत नाही, तो उगाच वरखाली होतो. आठवड्याची सरासरी बघते. त्यापेक्षा साधा विश्रांतीचा हार्ट रेट मला जास्त उपयोगी वाटला. माझा एरवी ५२ असतो. मी ढोलपथकात आहे. विसर्जन मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी तो ६० होता, म्हणून त्या आठवड्याचा टेम्पो रद्द करून नुसती चालायला गेले. नवरात्रात जागरण आणि उपवास एकत्र आले तेव्हाही हेच. मॅरेथॉननंतर चौथ्या दिवशी पाय मोकळे वाटत होते, ग्रुप पळायला निघाला होता, पण पट्टा बांधून जरा जॉग केलं तर ६:३५ ला १५२! परत फिरले. दुसरा आठवडा संपता संपता आकडे जागेवर आले, तोवर चालणं, झोप आणि संक्रांतीच्या उरलेल्या गुळपोळ्या.

इथे एक मर्यादा सांगायलाच हवी. पट्ट्याला स्नायू आणि सांधे दिसत नाहीत. हार्ट रेट झकास आणि पोटरी ताठ, असं होऊ शकतं, आणि तेव्हा पोटरीचं ऐकायचं.

वापरताना येणारे त्रासही लिहिते. बांधायच्या आधी आतले दोन्ही काळे पॅच पाण्याने नीट ओले करा. डिसेंबरच्या कोरड्या थंडीत घाम यायच्या आधी पहिली दहा मिनिटं आकडा २०० च्या वर उडतो. तुम्हाला काही झालेलं नसतं, पॅच कोरडे असतात. बायकांनी पट्टा स्पोर्ट्स ब्राच्या इलॅस्टिकच्या बरोबर खाली बसवावा आणि कडांना व्हॅसलीन लावावं. लाँग रनला मला उजव्या बाजूला चांगलंच सोललं होतं. पळून आलं की सेन्सर काढून ठेवायचा, ओल्या पट्ट्यावर राहिला तर तो चालूच राहतो आणि बॅटरी संपते. कापडी भाग साध्या पाण्यात खळबळून पंख्याखाली वाळवा. पावसाळ्यात दोरीवर तो वाळतच नाही आणि कुबट वास धरतो. सप्टेंबरअखेर माझ्या पट्ट्याचं इलॅस्टिक सैल पडलं. कंपनीने आधी बिल मागितलं, मग फोटो, मग पुन्हा बिल, आणि शेवटी कापडी भाग वॉरंटीत येत नाही असं कळवलं. म्हणून घेतानाच विचारा की नुसता कापडी पट्टा वेगळा मिळतो का आणि केवढ्याला. बॅटरी बहुतेक पट्ट्यांत साध्या बटण सेलची असते, कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळते.

पहिल्या दहा किलोमीटरची तयारी करत असाल तर मात्र एवढ्यात हा खर्च करू नका. सोबत्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारत पळता आलं की तुम्ही इझी पेसला आहात, आणि पहिल्या वर्षी तेवढं पुरतं.