जपानी बोतानची अर्धी बाही: बरी झाल्यावर काय टिकलं, काय उडालं

खांद्यापासून कोपराच्या जरा वरपर्यंतची टॅटूची बाही, जपानी मापात 'गोबू'. मुख्य फूल बोतान म्हणजे पिओनी, मागे काळ्या शाईचे वाऱ्याचे पट्टे. रेघा मशीनने, छटा तेबोरीने, म्हणजे दांड्याच्या टोकाला बसवलेल्या सुयांनी हाताने टोचून. एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढल्यानंतरचा हा अनुभव.

सगळ्यात पक्की राहिली ती काळी पार्श्वभूमी. लोक फुलावर खर्च करतात आणि मागच्या काळ्यावर हात आखडता घेतात, ते चूक आहे. पाकळीची कड उठून दिसते ती त्या काळ्यामुळेच. रंग थोडा उतरला तरी आकार शाबूत राहतो. पार्श्वभूमीशिवायचं सुटं फूल सुरुवातीला देखणं दिसतं, पण त्याचा सगळा भार रंगावर असतो.

दुसरी गोष्ट पाकळ्यांची. बुडाशी गडद, वर येताना विरत जाणारी छटा आणि कडेला दोन-तीन मिलीमीटर कोरी कातडी, अशी पाकळी हवी. शाई वर्षांनुवर्षं थोडी पसरतेच. रेघा खेटून मारल्या की फुलाच्या गाभ्याचा काळा गोळा होतो. म्हणून बोतान किमान तळहाताएवढं घ्या. जागा कमी असेल तर पाच पाकळ्यांचा साकुरा, म्हणजे चेरीचं फूल, बरा.

आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर लाल आणि किरमिजी छान बसतात. पिवळा मळकट दिसतो, पांढरा जवळपास दिसेनासा होतो. मात्र ॲलर्जीच्या तक्रारी सगळ्यात जास्त लाल शाईच्याच. लाल भाग फुगून खाजायला लागतो, कधी कधी कित्येक महिन्यांनी. आधी एक ठिपका टोचून काही आठवडे थांबावं, तरी पूर्ण खात्री नाहीच.

रेघा आणि छटा यांत दोन-तीन आठवडे जाऊ द्या. चौथ्या-पाचव्या दिवसापासून साल निघते. खपली ओढली की त्या जागचा रंगही जातो. मलम पुसटसंच लावा, थापलं की खपली ओली राहते. दमट हवेत दंडाच्या आतल्या बाजूला घाम साचतो, तिथे सैल सुती बाहीचा कपडा घाला. महिनाभर पोहणं बंद. नंतर उन्हात एसपीएफ ३० किंवा जास्तचं सनस्क्रीन.

तेबोरीची छटा मऊ उतरते, पण वेळ भरपूर खाते आणि बिल तासावर असेल तर खिशाला जाणवते. सुया एकदाच वापरायच्या आणि पाकीट तुमच्यासमोर फोडलेलं हवं, यात तडजोड नको.

एकाच बाहीत साकुरा आणि मोमिजी, म्हणजे मेपलची पानं, मागू नका. वसंत आणि शरद एकत्र आणणं जुन्या वळणाच्या कारागिरांना पटत नाही. बोतानसोबत काराजिशी, म्हणजे सिंह, ही जुनी जोडी. पुढे बाही मनगटापर्यंत न्यायची असेल तर आधीच सांगा, कारण खालची कड कशी संपवायची ते त्यावर ठरतं.

जपानला जाणार असाल तर एक लक्षात ठेवा. गोंदण्यावरची १८७२ची बंदी १९४८मध्ये उठली, पण बऱ्याच ओनसेनमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांच्या सार्वजनिक स्नानगृहांत, टॅटू असेल तर अजून प्रवेश मिळत नाही. काही ठिकाणी चिकटपट्टीने झाकलेलं चालतं, मात्र ती लहान टॅटूपुरती. अख्ख्या बाहीसाठी खासगी स्नानगृह आधीच राखून ठेवावं लागतं.